ऑपरेशन फुकट, एसटीचं तिकीट नाही

नाक चिमटीत धरा आणि 'बाबा' म्हणा. आवाजात फारसा फरक पडत नाही. आता तसंच नाक धरून 'मामा' म्हणा. आवाज कोंडतो, सर्दी झाल्यासारखा येतो. 'ब' म्हणताना हवा तोंडात अडते आणि ओठ उघडताच सुटते. 'म' म्हणताना ती नाकावाटे जाते. नाकाची वाट कधी उघडायची आणि कधी बंद करायची, हे काम टाळूचा मागचा मऊ भाग करतो. ज्या बाळाची टाळू दुभंगलेली असते त्याला ही वाट बंदच करता येत नाही. ते 'बाबा' म्हणायला जातं आणि ऐकणाऱ्याच्या कानावर 'मामा' पडतं. 'पाटी'ची 'माणी' होते. ओठही दुभंगलेला असेल तर त्यावरचा व्रण डोळ्यांना दिसतो म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. पण शाळेत मूल गप्प बसतं ते पुष्कळदा या 'माणी'मुळे.

हे आधी सांगायचं कारण असं की, सोलापुरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) गटाने अशा मुलांसाठी काही करायचं ठरवलं की पहिला विचार 'ऑपरेशनसाठी पैसे गोळा करू' हा असतो. हेतू चांगला, पण पैसा चुकीच्या ठिकाणी जातो. ओठाची आणि टाळूची शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून किंवा धर्मादाय संस्थांच्या मदतीने मोफत होऊ शकते. मोफत नसतं ते तिथपर्यंत पोहोचणं, आणि त्यानंतरची वर्षानुवर्षांची ये-जा.

आधी शरीराचं

जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू किंवा दोन्ही दुभंगलेली असतात. गर्भात चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो. ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. ही जुळणी अर्धवट राहिली की फट उरते. कारण बहुतेक वेळा एकच सापडत नाही: थोडा अनुवंश, थोडी परिस्थिती. गरोदरपणातलं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिट्सवरची काही औषधं यांनी धोका वाढतो. (ही औषधं मनाने बंद करायची नसतात, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.) आईवडिलांना स्वतःला हा दोष नसेल आणि पहिल्या मुलाला असेल, तर पुढच्या मुलाला असण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच एवढीच.

आणि ग्रहण. 'ग्रहणात हिने विळीवर भाजी चिरली, म्हणून ओठ चिरला' हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं आणि ते दरवेळी आईलाच ऐकवलं जातं. याला वाद न घालता देता येण्यासारखं उत्तर आहे. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून होतो. तोवर कित्येक बायकांना दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं. सहाव्या महिन्यातलं ग्रहण मागे जाऊन दुसऱ्या महिन्यातलं काम बिघडवू शकत नाही. स्वयंसेवकाने हे आईला एकटीला सांगण्यापेक्षा सासूबाई समोर असताना सांगावं. उपयोग तिथे जास्त होतो.

शस्त्रक्रिया एक नसते, मालिका असते. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवतात. त्यासाठी डॉक्टर 'दहाचा नियम' बघत आले आहेत: वय निदान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. पुढे हिरडीत हाड भरायचं असेल तर पक्के दात येत असतानाच्या वयात, साधारण सात ते अकरा वर्षांत. नाक आणि जबडा सरळ करायचा तर वाढ पुरी झाल्यावर, म्हणजे सतरा-अठराच्या पुढे. मध्ये दातांच्या तारा, कानात साचणाऱ्या पाण्यामुळे ऐकण्याची तपासणी, आणि वाचा उपचार. टाळूचे स्नायू कानाची नळीही उघडतात, म्हणून टाळू दुभंगलेल्या मुलांना कान भरण्याचा त्रास फार. एका मुलाचा दवाखान्याशी संबंध असा पंधरा-अठरा वर्षं राहतो.

पैसा कुठे अडतो

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करतात, आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तिच्यात असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो; कोणती शस्त्रक्रिया तिथे होते आणि कागद कोणते लागतात हे त्यालाच विचारावं. योजनेचा फुकट फोन १५५३८८. स्माईल ट्रेन ही संस्थाही २००० सालापासून भारतातल्या ठरावीक रुग्णालयांमार्फत या शस्त्रक्रिया मोफत करवून घेते. विद्यार्थ्यांचं काम इथे पैशाचं नाहीच. रेशन कार्डावर बाळाचं नाव चढलेलं नाही, आधारवर आईचं माहेरचं नाव आहे, जन्मदाखल्यात स्पेलिंग वेगळं आहे, या तीन गोष्टींवर पुष्कळ घरांची गाडी अडते. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे काम छान जमतं.

आता खर्चाचं गणित. समजा अक्कलकोटच्या पुढच्या एका गावातून आई आणि सहा वर्षांचा मुलगा महिन्यातून दोनदा वाचा उपचाराला सोलापूरला येतात. गावातून वडाप (सीटवर चालणारी खासगी जीप), मग एसटी, शहरात रिक्षा: दोघांचे जाऊन-येऊन २०० रुपये धरा. बाहेर खाणं ६०. आईचा एक दिवसाचा खाडा ३००. एका फेरीला ५६०, वर्षाच्या २४ फेऱ्यांना १३,४४०. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या ओळखीच्या घरचे आकडे त्या आईला विचारून भरावेत. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलालाही अर्धं आहे, त्यामुळे एसटीचा वाटा बाहेरच्यांना वाटतो त्याहून कमी असतो. वडापला कसली सवलत नाही, आणि खाड्याला तर नाहीच. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी नगावर असते. गेलेला दिवस म्हणजे तेवढ्या विड्या कमी.

म्हणून फेऱ्या गळतात. टाळू शिवून झाली, ओठ छान दिसतो, घरच्यांना वाटतं काम संपलं. मूल मात्र अजून 'माणी'च म्हणत असतं, कारण टाळू शिवल्याने वाट बंद करायचं साधन मिळतं, ते वापरायची सवय मिळत नाही. पहिली काही वर्षं चुकीच्या जागी आवाज काढायची सवय झालेली असते ती मोडायला लागते.

मदत द्यायची तर ती फेरीला जोडून द्यावी. वर्षाचे पैसे एकदम दिले की ते घरातल्या दुसऱ्या नडीला जातात, त्यात घरच्यांची चूक काढण्यासारखं काही नाही. फेरी झाली, वाचा उपचार विभागाच्या कार्डावर तारीख पडली, त्याच दिवशी आईच्या हातात पैसे. तिकिटाचा आग्रह धरू नये, वडापवाला तिकीट देत नाही. आणि युपीआयने पाठवताना नंबर कोणाच्या फोनचा आहे हे विचारावं. बहुतेक वेळा तो नवऱ्याचा असतो.

शिवणकाम: लाळेरं, झबलं, कोपराची पट्टी

सोलापुरात टेरी टॉवेलचे काठ, कटपीस आणि गणवेशाच्या कारखान्यांतले उरलेले तुकडे वजनावर मिळतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसी परिसरात विचारलं तर कोणी ना कोणी देतं. या कापडाचं सगळ्यात उपयोगी काय होतं, तर तान्ह्या बाळांसाठीच्या तीन वस्तू.

लाळेरं सगळ्यात सोपं. टाळू दुभंगलेल्या बाळाला स्तन नीट ओढता येत नाही, कारण ओढायला तोंडात पोकळी बंद व्हावी लागते. मग काढलेलं दूध बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने) किंवा वाटी-चमच्याने, बाळाला अर्धं बसतं धरून पाजतात. तरी थोडं नाकातून येतं. दिवसात आठ-दहा वेळा गळा भिजतो. म्हणून एका बाळाला एक-दोन लाळेरी देऊन काही होत नाही, सहा तरी हवीत. माप २२ बाय २८ सेंमी, वर टेरी, खाली सुती. मध्ये प्लास्टिक घालू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याखाली घामोळं येतं. गळ्याला लांब नाडी लावू नये, ती आवळते. मागच्या बाजूला एक टिचबटण पुरे, आणि बाळ झोपलं की लाळेरं काढायचं हे आईला सांगायचं.

झबलं पुढून उघडणारंच हवं. ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर डोक्यावरून ओढायचा कपडा टाक्यांना घासतो. आपली जुनी पद्धतीची, बाजूला बांधायची झबली इथे नेमकी उपयोगी पडतात. बाह्या पूर्ण, कारण त्यावर तिसरी वस्तू बसते.

ती म्हणजे कोपराची पट्टी, दवाखान्यात तिला स्प्लिंट म्हणतात. टाके ओले असताना बाळाचा हात तोंडात जाऊ नये म्हणून काही सर्जन कोपर वाकणार नाही अशी पट्टी लावायला सांगतात. काही सर्जन अजिबात वापरत नाहीत. म्हणून शिवायला बसण्याआधी शस्त्रक्रिया विभागातल्या सिस्टरला विचारावं, नाहीतर पन्नास पट्ट्या कपाटात पडून राहतील.

कृती अशी. घसा बघताना डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या लाकडी पट्ट्या औषधाच्या दुकानात पाकिटाने मिळतात, लांबी १५ सेंमी, रुंदी १.८ च्या आसपास. वर्षाच्या बाळाला साधारण पूर्ण लांबी चालते. चार-पाच महिन्यांच्या बाळाला ती मोठी होते. ११-१२ सेंमीवर कापावी आणि कापलेलं टोक सँडपेपरने गोल करावं. शंका असेल तर बाळाचाच हात मोजावा: काखेपासून दोन-तीन सेंमी खाली सुरू आणि मनगटाच्या दोन-तीन सेंमी वर संपली पाहिजे. आतून टेरी, बाहेरून सुती असे दोन तुकडे घ्यावेत. १२ सेंमीच्या लाकडी पट्टीसाठी तयार माप साधारण २४ रुंद, १५ उंच. शिवणीला चारही बाजूंनी १ सेंमी जादा. तीन बाजू शिवून उलटवावं, मग अडीच-अडीच सेंमीवर उभी शिवण मारून मधोमध सात खण करावेत. प्रत्येक खणात एक लाकडी पट्टी, वरचं तोंड बंद. दोन्ही कडांना उरलेल्या तीन-तीन सेंमीवर दोन जोड्या रुंद नाड्या. गाठ नेहमी हाताच्या बाहेरच्या बाजूला.

इथे चुका ठरलेल्या होतात. खण दोन सेंमीचा केला तर पट्टी आत जात नाही, तीनचा केला तर ती आत फिरते आणि आडवी होते. कोरा टेरी न धुता शिवला तर पहिल्या धुण्यात आटून आतल्या लाकडी पट्ट्या बाहेर डोकावतात, आणि त्याची लव ओल्या टाक्यांना चिकटते ती वेगळीच. कापड आधी गरम पाण्यात दोनदा धुवावं, खळ जाऊ द्यावी, कडक उन्हात वाळवावं. ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. वेल्क्रो शक्यतो नको: त्याची कड गालाला ओरखडे काढते. बांधल्यावर आत एक बोट सहज गेलं पाहिजे. बोटांची टोकं गार किंवा निळसर दिसली तर लगेच सैल करायची. पट्टी किती तास ठेवायची आणि हात मोकळा कधी करायचा हे सिस्टर सांगेल. विद्यार्थ्याने स्वतःच्या अकलेने सांगू नये. बाळाला दूध कसं पाजायचं हेही तसंच.

सुरुवातीला दहा संच करावेत. शंभर नव्हे.

मुलांबरोबर बसताना

पाच ते बारा वर्षांच्या मुलांबरोबर हस्तकला करायची असेल तर दिवस निवडताना एकच नियम: ज्या दिवशी मूल उपचाराला आलेलं असतं त्याच दिवशी, जवळच. रविवारी खास बोलावलं की आणखी एक फेरी, आणखी एक खाडा. दहा मुलांना पाच स्वयंसेवक आणि सव्वा ते दीड तास. याहून मोठं केलं की तो कार्यक्रम होतो, त्यात सत्कार शिरतात.

काय करायचं नाही ते आधी, कारण चुका इथेच होतात. फुगे फुगवायचे नाहीत. पिपाणी, साबणाचे बुडबुडे, नळीने फुंकून रंग पसरवणं, काही नाही. टाळूत फट किंवा छिद्र उरलेलं असेल तर हवा नाकातून निसटते, फुगा फुगत नाही, आणि सगळ्यांसमोर फजिती होते. 'फुंकण्याचा व्यायाम झाला तर बोलणं सुधारेल' असं अजून पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. बोलणं बोलण्याच्या सरावानेच सुधारतं, आणि कोणत्या आवाजाचा सराव ते वाचा उपचार करणारी व्यक्ती ठरवते. मुखवटे रंगवणं, चेहरा रंगवणं, 'स्वतःचं चित्र काढा' हेही पहिल्या भेटीत नको. मुलाने आपणहून काढलं तर उत्तम. खाऊ देताना विचारून द्यावा: नुकतीच टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला चिक्की, कडक भाकरी, स्ट्रॉचं सरबत चालत नाही.

करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट सोलापुरात शोधायला लागत नाही: पुठ्ठ्याचा माग. हात कामात, नजर खाली, दोघं शेजारी शेजारी बसलेले. समोरासमोर बसून 'तुझं नाव काय, कितवीत आहेस' विचारलं की जी मुलं आक्रसतात ती इथे अर्ध्या तासात आपणहून बोलायला लागतात. आणि शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातलं मूल असेल तर ते स्वयंसेवकालाच शिकवतं, हा त्यातला मोठा फायदा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं असतील तर ती भाषा येणारा एक तरी विद्यार्थी गटात हवा. नीट उमटत नसलेला उच्चार परक्या भाषेत समजून घेणं दोघांनाही जड जातं.

साहित्य: १५ बाय २० सेंमीचा जाड पुठ्ठा, खोक्याचा चालतो पण त्याच्या आतल्या नळ्या उभ्या लांबीच्या दिशेने याव्यात, नाहीतर ताण पडताच तो मध्येच दुमडतो. वरच्या आणि खालच्या कडेला एक-एक सेंमीवर अर्धा सेंमी खोल खाचा, दोन्हीकडे समोरासमोर, तेरा-तेरा. या खाचा घरून कापून न्याव्यात. मुलांना कापायला दिल्या तर अर्धा वेळ त्यातच जातो. ताण्याला (उभ्या धाग्यांना) जाड सुती दोरा, साधारण साडेतीन मीटर. तो नुसता ताठ हवा, तारेसारखा ओढलेला नको. बाण्याला (आडव्या विणीला) टॉवेलच्या किंवा गणवेशाच्या कापडाच्या दीड सेंमी रुंद चिंध्या. बारीक सुताने विणायला घेतलं तर तासात दोन बोटं होतं आणि मूल कंटाळतं. चिंधीने तासाभरात बरंच दिसतं. सुई म्हणून बर्फाच्या कांडीची काडी, एका टोकाला भोक पाडलेली. ठोकायला साधी फणी.

एक धागा वरून, एक खालून, पुढच्या ओळीत उलट. बिघडतं ते एकाच ठिकाणी: विणलेला पट्टा मध्येच आवळत जातो. सुरुवातीला १२ सेंमी, मध्ये ८, डमरूसारखं. मूल प्रत्येक ओळ ओढून घट्ट करतं म्हणून असं होतं. उपाय असा की आडवी चिंधी सरळ न टाकता कमानीसारखी, मध्ये वर उचललेली टाकायची आणि मग फणीने खाली ठोकायची. कमानीतली जादा लांबी उभ्या धाग्यांभोवती वळायला वापरली जाते. चुकलेलं उसवून स्वयंसेवकाने स्वतः नीट करून देऊ नये. डमरू घरी नेलं तरी चालतं.

बोलण्याबद्दल दोनच गोष्टी. मुलाचं समजलं नाही तर समजल्यासारखी मान हलवायची नाही; 'परत सांग की, मला कळलं नाही' म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही कळलं तर 'दाखव'. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, उच्चार सुधारायचा नाही. आणि मागून हाका मारून सूचना देऊ नयेत. यातल्या पुष्कळ मुलांना कानात पाणी असल्याने कमी ऐकू येतं, त्यात पंख्याचा आवाज. समोर बसून, ओठ दिसतील असं बोलावं. 'बिचारा', 'गेंगाणा', 'ओठफाट्या' हे शब्द गटाच्या व्हॉट्सॲपवरही नकोत.

गटात दुसऱ्या कारणाने चेहरा वेगळा असलेली मुलंही येतात. भाजल्याच्या खुणा असलेल्या मुलाला ऊन आणि घाम सोसत नाही, आखडलेल्या बोटांना कात्री जमत नाही. त्याच्यासाठी चिंध्या आधीच कापून ठेवाव्यात. एक कान लहान किंवा बंद असलेल्या मुलाच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसावं. गालावर मोठा लाल डाग असलेल्या मुलाला बहुतेक वेळा कसलीच वेगळी सोय लागत नाही, फक्त टक लावून न बघणारी माणसं लागतात.

पैसे गोळा करताना

पहिली गोष्ट कायद्याची. रस्त्यात डबा घेऊन उभं राहणं ही उत्साहाची बाब असली तरी सार्वजनिक वर्गणी आहे. गणपती मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून जी तात्पुरती परवानगी काढतात, ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली असते. ती काढावी, किंवा सरळ एखाद्या नोंदणीकृत न्यासाच्या नावाने, त्यांच्या पावती पुस्तकावर गोळा करावं. दुसरा मार्ग सोपा. आयकरात सवलतीची पावतीही तसा नोंदणीकृत न्यासच देऊ शकतो, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावं. क्यूआर कोड कोणा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्याचा असू नये. पैसे खाल्ले जातात म्हणून नव्हे. वर्षाने तो विद्यार्थी पुण्याला नोकरीला जातो आणि हिशोब त्याच्या फोनमध्ये राहतो. पावत्यांना क्रमांक, रोख मोजायला दोघं, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा.

हस्तकलेच्या वस्तू विकायच्या तर त्या विद्यार्थ्यांनी केलेल्या असाव्यात. मुलांनी विणलेला पट्टा मुलांचाच, तो घरी जातो. 'या मुलांनी बनवलेलं' असं लिहून विकण्यात मुलाचा चेहराच विकला जातो, मग फोटो लावा की न लावा.

सोलापुरात विक्रीचा खरा हंगाम जानेवारीचा. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर गर्दी असते, पण गड्ड्यावर, म्हणजे या यात्रेच्या जत्रेत, लहान गटाला स्टॉल परवडत नाही आणि तिथे लोक खेळणी आणि पाळण्यांसाठी आलेले असतात. त्यापेक्षा संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाचं वाण बघावं. एकेक बाई पंचवीस-पन्नास नग एकदम घेते. काठ शिवलेला ३० बाय ३० चा टेरी नॅपकिन या कामाला उत्तम. ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी लागते. संक्रांतीच्या आठवड्यात विचारलं तर वाण आधीच आणून झालेलं असतं.

हिशोब मात्र डोळे उघडे ठेवून करावा. समजा नगाला खर्च २२ रुपये, विक्री ४०. तीनशे नगांवर १८ प्रमाणे ५,४०० सुटतात. त्यासाठी ३३० शिवावे लागतात, कारण दहा चांगल्यांमागे एक तिरका निघतोच. त्या ३० नगांचे ६६० वजा केले की उरले ४,७४०. वर धरलेल्या ५६० च्या हिशोबाने आठ फेऱ्या, म्हणजे एका मुलाचे चार महिने. एवढ्या शिवणकामाला हे थोडं वाटेल, आणि थोडंच आहे. म्हणून नॅपकिनवर एक कागदी पट्टी लावावी: 'एका मुलाच्या एका फेरीचा खर्च ५६० रुपये'. ती वाचून शंभरातल्या दहा बायकांनी एकेक फेरी उचलली तरी ५,६०० होतात, नॅपकिनपेक्षा जास्त.

पट्टीवर मुलाचा फोटो नको. शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा जोडफोटो तर नकोच. आई दवाखान्यात ज्या मनःस्थितीत 'हो' म्हणते त्याला संमती म्हणणं कठीण आहे, आणि आठ महिन्यांच्या बाळाचा तो फोटो ते आठवीत असताना वर्गाच्या ग्रुपवर फिरू शकतो. फोटोच हवा असेल तर बोंडल्याचा काढावा, एसटीच्या तिकिटाचा काढावा.

शेवटी परीक्षा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये गट नाहीसा होतो, आणि जे मूल जेमतेम एका दादाशी बोलायला लागलेलं असतं ते परत गप्प होतं. रासेयोचे दोन वर्षांचे २४० तास भरले की तोच दादा कायमचा जातो. दर गटात निम्मे पहिल्या वर्षाचे आणि निम्मे दुसऱ्या वर्षाचे ठेवावेत, आणि निरोपाच्या आधी निदान दोन भेटी जुना-नवा एकत्र बसवावा. प्रत्येक मुलासाठी एक पातळ वही ठेवावी. तिच्यात आजाराची माहिती लिहायची गरज नाही, ती दवाखान्याच्या फाईलमध्ये असते. वहीत लिहायचं ते असं: बरं ऐकू येतं तो कान डावा. घरी तेलुगू. हिरवी चिंधी आवडते. मागावर २१ ओळी झाल्या, पुढची खालून सुरू करायची.